क्यूजीआयएस : शेततळी, ७८ रेखांश आणि धुऱ्यावरची विहीर

मी यवतमाळला पाणलोटाच्या कामांचे नकाशे करते. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड करून बाहेर पडले तेव्हा हातात साखळी, टेप आणि प्लेन टेबल होतं. आता बारा वर्षं झाली, रोजचं काम क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर चालतं : गट नकाशे, नाले, शेततळी, विहिरी, पांदण रस्ते. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून लोक उत्साहाने उतरवून घेतात आणि पंधरा-वीस दिवसांत सोडून देतात. सोडणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याकडे विचारायला येतात आणि अडलेले असतात दोनच ठिकाणी. एक म्हणजे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, आणि दुसरं म्हणजे जागांचे आपसातले संबंध : कोण कोणाला लागून आहे, कोण कोणाच्या आत आहे. बाकीची बटणं हळूहळू येतात. म्हणून हे परीक्षण मी त्या दोन गोष्टींवरच लिहिते आहे. माझ्या मते क्यूजीआयएसची खरी किंमतही तिथेच कळते.

ओळख थोडक्यात. २००२ साली गॅरी शर्मन यांनी हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं. २०१३ मध्ये २.० आवृत्ती आली आणि नाव क्यूजीआयएस एवढंच उरलं. परवाना जीपीएल, म्हणजे विकत घ्यायचं काही नाही आणि किती संगणकांवर टाकलं याचा हिशेबही नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण मी वर्षातून एकदा येणारी दीर्घ आधाराची आवृत्तीच घेते. सध्या माझ्याकडे ३.३४ आहे. नव्या-नव्या सोयींचा मोह होतो, पण मोजणीच्या कामात मधेच काही बिघडलेलं परवडत नाही.

माझी पहिली मोठी चूक शेततळ्यांची. एका गावातल्या अकरा शेततळ्यांना अस्तराचा प्लॅस्टिक कागद किती लागेल, याचा अंदाज काढायचा होता. मागे उपग्रहाचं चित्र लावलं, त्यावर तळ्यांच्या कडा गिरवल्या आणि तक्त्यात क्षेत्रफळाचं सूत्र चालवलं. पहिल्याच तळ्याचं उत्तर आलं १,०३० चौरस मीटर. ते तळं मी स्वतः टेपने मोजलेलं होतं. तीस बाय तीस, म्हणजे ९००. आधी वाटलं, गिरवताना हात हलला असेल. पुन्हा गिरवलं, पुन्हा १,०२८. दुसरं तळं, तिसरं तळं, सगळी त्याच प्रमाणात फुगलेली. हात हलला असता तर एखादं तळं कमीही भरलं असतं. सगळीच सारखी फुगतात, तेव्हा चूक हाताची नसते.

झालं असं होतं की उपग्रहाचं चित्र इंटरनेटवरून येतं ते वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपणात, क्रमांक ईपीएसजी ३८५७. प्रकल्पात मी तेच चित्र सगळ्यात आधी उघडलं, म्हणून प्रकल्पाने जागांचे आकडे लिहायची तीच प्रणाली धरली. अशा प्रत्येक प्रणालीला एक क्रमांक असतो. तळ्यांचा नवा थर, म्हणजे चित्रावर ठेवायचा आकृत्यांचा पापुद्रा, बनवताना मीही ती तशीच राहू दिली. याचं मूळ म्हणजे नकाशाकार मर्केटर यांनी १५६९ मध्ये खलाशांसाठी केलेला नकाशा. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राची एकच दिशा धरून जाता येतं. पण त्यासाठी जी तडजोड केली ती आपल्याला मोजताना भोवते. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, यवतमाळच्या अक्षांशावर तो १०४ किलोमीटरचाच उरतो. नकाशा मात्र दोन्ही ठिकाणी तेवढीच रुंदी काढतो. रुंदी ताणली म्हणून आकार बिघडू नये यासाठी उंचीही ताणतो. आमच्याकडे प्रत्येक बाजू सहा-सात टक्क्यांनी वाढते, आणि दोन्ही बाजू वाढल्या की क्षेत्रफळ चौदा टक्क्यांनी. हेक्टरमागे १,४०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास चौदा गुंठे. एवढ्या जमिनीवरून गावात काय होऊ शकतं, ते मी लिहायला नको.

इथे क्यूजीआयएसला दोष द्यावा का, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं मत असं झालं की दोष देऊ नये, पण शिकवणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. क्षेत्रफळ काढायच्या दोन रीती यात आहेत. डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया पृथ्वीचा गोलवा धरून मोजतं. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये लंबगोल, म्हणजे पृथ्वीचा मानलेला आकार, निवडलेला असला की थर कुठल्याही प्रक्षेपणात असो, उत्तर बरोबर येतं. नुसतं एरिया हे सूत्र मात्र थर ज्या प्रक्षेपणात आहे त्या सपाट कागदावर मोजतं. मी दुसरं वापरलं होतं. दोन्ही रीती हव्यातच, कारण मोजणीच्या कार्यालयातला जुना हिशेब सपाट कागदावरचाच असतो आणि त्याच्याशी ताळा करायला सपाटच मोजावं लागतं. पण सूत्रांच्या यादीत ती दोन्ही जवळजवळ दिसतात आणि नवख्याला फरक कळत नाही. मदतीच्या चौकटीत लिहिलेलं आहे. ते वाचायची सवय लागेपर्यंत घोळ होतात.

अंतराचंही तसंच. आपल्या राज्यात १९९३च्या भूजल कायद्यापासून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाभोवती ५०० मीटरची हद्द मानली जाते. गावाच्या नळयोजनेच्या विहिरीभोवती ते वर्तुळ काढायचं काम माझ्याकडे नेहमी येतं. थर अक्षांश-रेखांशांत असेल तर बफरच्या, म्हणजे भोवतीची हद्द काढायच्या साधनाच्या, खिडकीत ५०० समोर अंश लिहून येतं आणि शेजारी पिवळा इशारा दिसतो. हा इशारा मला फार आवडतो, कारण तिथे चूक ढळढळीत असते. वेब मर्केटरमध्ये ती दिसत नाही. खिडकीत मीटर लिहिलेलं असतं, वर्तुळ गोल येतं, सगळं नीट वाटतं, आणि जमिनीवर ते वर्तुळ सुमारे ४६७ मीटरचंच असतं. ४८० मीटरवर कोणी नवी विहीर खोदत असेल, तर नकाशा म्हणेल की ती हद्दीबाहेर आहे.

म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी खिडकीचा खालचा उजवा कोपरा दाखवते. तिथे प्रकल्पाच्या प्रणालीचा क्रमांक कायम लिहिलेला असतो. ज्या थराला प्रणालीच नेमून दिलेली नाही त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येतं. मी वापरलेल्या बाकीच्या साधनांत ही माहिती तीन-चार खिडक्या आत दडलेली असते, किंवा नसतेच. मोबाईलवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये तुम्ही अंतर मोजता तेव्हा ते कसं मोजलं, हे कुणी सांगत नाही. क्यूजीआयएस सतत सांगत राहतं. आपण बघितलं पाहिजे.

आता यवतमाळची खास अडचण. जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून प्रत्येकासाठी मीटरमध्ये मोजायची सोय केलेली आहे, तिला यूटीएम म्हणतात. ७२ ते ७८ रेखांश हा ४३वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४वा. मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर, अकोला, अमरावती शहर ४३व्यात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४व्यात. पुण्यातल्या माणसाला आयुष्यभर ३२६४३ हा ४३व्या पट्ट्याचा एकच क्रमांक पुरतो. आमच्या जिल्ह्याच्या मात्र मधूनच ७८ रेखांश जातो. दारव्हा, पुसद या बाजूला. यवतमाळ, वणी त्या बाजूला. जिल्ह्याचा पाणलोट नकाशा करायला बसलं की अर्धी माहिती ३२६४३ मध्ये आणि अर्धी ४४व्या पट्ट्याच्या ३२६४४ मध्ये येते.

प्रत्येक थराची प्रणाली नीट नेमलेली असेल तर क्यूजीआयएस दोन्ही अर्ध्या तुकड्यांना जोडून दाखवतं. ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, हे जुळवणं आपोआप चालू असतं, २.० च्या काळात ते हाताने चालू करावं लागायचं आणि मी सुरुवातीचे दोन महिने ते चालू न करताच काम केलं होतं. पण प्रणालीच कुणी सांगितली नाही, तर काय करणार? एका कार्यालयातून मला नाल्यांची फाइल मिळाली, शेपफाइल. शेपफाइल म्हणजे खरं तर एकाच नावाच्या चार-पाच फाइली असतात आणि त्यातल्या पीआरजे नावाच्या बारक्या फाइलीत प्रणाली लिहिलेली असते. पाठवणाऱ्याने नेमकी तीच वगळली होती. मी आमच्या सवयीचा ३२६४३ लावला. यवतमाळच्या पूर्वेकडचे सगळे नाले दमणच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात जाऊन पडले. आकार तसाच, लांबी तशीच, फक्त सहा अंश पश्चिमेला, सव्वासहाशे किलोमीटर. ३२६४४ लावल्यावर ते जागेवर आले.

अशी समुद्रात पडलेली चूक मला बरी वाटते. ती दिसते. अक्षांश आणि रेखांश उलटसुलट भरले की यवतमाळचं देऊळ उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डच्या बेटांत सापडतं. तेही बघताक्षणी कळतं. भीती वाटते ती शे-दीडशे मीटरच्या चुकीची.

त्याआधी एक गोष्ट, कारण तिच्यापायी सगळ्यात जास्त कामं वाया गेलेली मी पाहिली आहेत. थरावर उजवं बटण दाबलं की प्रणाली नेमायचा पर्याय मिळतो. लोकांना वाटतं, तिथे ३२६४४ निवडलं की थर ३२६४४ मध्ये गेला. तसं होत नाही. तिथे आपण फक्त सांगतो की आतले आकडे कुठल्या प्रणालीतले आहेत. आकडे तेच राहतात. गावाच्या वेशीवरची पाटी बदलून गाव हलत नाही, तसंच. आकडे खरोखर बदलायचे असतील तर थर नव्या प्रणालीत निर्यात करावा लागतो किंवा रीप्रोजेक्ट नावाचं साधन चालवावं लागतं. ही दोन कामं पडद्यावर जवळजवळ आहेत आणि त्यांची नावंही सारखी वाटतात. माझी या सॉफ्टवेअरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच. नेमताना एकदा तरी विचारायला हवं की बाई, आकडे बदलायचे आहेत की फक्त नाव सांगायचं आहे?

शे-दीडशे मीटरची गोष्ट जुन्या टोपोशीटची, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाच्या छापील नकाशाची. १:५०,००० च्या जुन्या शीटवरून मी एका नाल्याची रेघ काढली आणि उपग्रहाच्या चित्रावर ठेवली. सगळा नाला, सगळ्या वळणांसकट, एका अंगाला सरकलेला. नाल्याने पात्र बदललं असेल असं मला वाटलं आणि तसं मी टिपणातही लिहिलं होतं. मग त्याच शीटवरचं देऊळही सरकलेलं दिसलं. देऊळ पात्र बदलत नाही.

जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेल्या आहेत आणि त्यांचं मूळ ठाणं मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर, चालतो. दोन्हींच्या पृथ्वीचा आकार थोडा वेगळा, मध्य थोडा वेगळा. तेच अक्षांश-रेखांश आमच्या भागात शे-दीडशे मीटर वेगळ्या जागी पडतात. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठी ज्या नव्या शीट निघाल्या त्या डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत, त्यांना हा त्रास नाही. पण जुने नाले, जुनी तळी, बुजलेले पाट बघायला जुनीच शीट लागते. क्यूजीआयएसमध्ये कल्याणपूरच्या प्रणाली यादीत आहेत. त्यातली योग्य निवडली की रूपांतराची खिडकी उघडते आणि प्रत्येक पर्यायापुढे तो किती मीटरपर्यंत विश्वासाचा आहे ते लिहिलेलं असतं. हे काम आतून प्रोज नावाची लायब्ररी करते. एवढ्या प्रामाणिकपणे आपल्या अचूकतेची मर्यादा सांगणारं दुसरं साधन माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार जवळची वाटते. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची जी साखळी उत्तरेकडे नेली ती साधारण या ७८ रेखांशाच्या आसपासच चालली. १८२३ मध्ये ते काम करता करताच हिंगणघाटला वारले. हिंगणघाट माझ्या ऑफिसपासून शंभर किलोमीटरही नाही. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आले, आणि माझा नाला ज्या लंबगोलामुळे सरकला तो त्यांच्या नावाचा आहे. जमिनीवर खुणा रोवत, कोन वाचत केलेल्या त्या कामातलं अंतर आज मला एका यादीतला पर्याय निवडून पार करता येतं. तो पर्याय निवडताना मी घाई करत नाही.

प्रक्षेपण एकदा नीट लागलं की मग खरं काम सुरू होतं, ते संबंधांचं. आपल्या खरेदीखतात जमीन कशी सांगितलेली असते ते आठवा. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण, उत्तरेस तमुक यांची जमीन. चतुःसीमा. त्यात एकही आकडा नसतो. शेजाराने जमीन सांगायची ही रीत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळते. क्यूजीआयएसला नुसते आकडे कळतात, पण त्या आकड्यांवरून शेजार काढता येतो. जागेवरून निवड करायचं साधन उघडलं की आठ संबंध समोर येतात : छेदतो, आत घेतो, वेगळा आहे, तोच आहे, टेकतो, अंगावर येतो, आत आहे, आरपार जातो. हे शब्द माझे; पडद्यावर इंग्रजी आहेत. प्रत्येकाचा अर्थ काटेकोर ठरलेला आहे.

मी एका गावाच्या प्रत्येक गटाला कोणकोणते गट टेकतात याची यादी काढली आणि खरेदीखतांतल्या चतुःसीमांशी ताडून पाहिली. ओव्हरले टचेस नावाचं सूत्र एका रकान्यात घातलं की शेजाऱ्यांचे क्रमांक स्वल्पविराम देऊन येतात. पाच मिनिटांचं काम. पहिली यादी मात्र चुकीची निघाली, दोन कारणांनी. काही गटांना एकही शेजारी नव्हता, कारण गिरवताना दोन गटांच्या मधे केसाएवढी फट राहिली होती. डोळ्यांना रेघ एकच दिसते, पण पाचशे पट मोठं केलं की दोन रेघा आणि मधे कुणाचीच नसलेली चिंचोळी पट्टी. जिथे फट नव्हती तिथे कडा एकमेकींवर चढलेल्या. तेही टेकणं नाही, ते अंगावर येणं. दुसरं कारण, जिथे चार गट एका दगडावर मिळतात तिथे समोरासमोरचे गटही टेकतात असं येतं. हिशेबाने ते बरोबरच आहे, एक बिंदू सामाईक आहे. पण कुठलाही शेतकरी त्याला शेजारी म्हणणार नाही आणि खरेदीखतातही तो लिहिलेला नसतो. मग मी सामाईक कडेची लांबी काढली आणि ज्यांची लांबी शून्य आली त्यांना वगळलं.

फटींसाठी टोपॉलॉजी चेकर आहे. नियम घालायचा की गटांमध्ये फट नको आणि एकावर एक नको. तो प्रत्येक चुकीवर खूण करून देतो. त्या गावात पहिल्यांदा दोनशेच्या वर खुणा आल्या. दुरुस्त करायला चार दिवस गेले. तेव्हापासून गिरवायला सुरुवात करण्याआधीच स्नॅपिंग आणि टोपॉलॉजिकल एडिटिंग चालू करते, म्हणजे दोन गटांची सामाईक कड एकदाच काढली जाते आणि एक हलवली की दुसरीही सोबत हलते. नव्या माणसाने एवढं एक केलं तरी त्याचे ते चार दिवस वाचतील.

दिशेबद्दलही सांगते. उत्तरेचा शेजारी कोणता, हे काढायला दिशेचं सूत्र आहे, पण यूटीएमच्या कागदावरची उत्तर ही पट्ट्याच्या मधल्या रेखांशाची उत्तर असते. आम्ही पट्ट्याच्या अगदी काठावर, त्यामुळे कागदाची उत्तर आणि खरी उत्तर यात जवळपास एक अंशाचा फरक पडतो. चतुःसीमेला त्याने काही होत नाही. पाचशे मीटरची रेघ नुसत्या कोनावर जमिनीवर उतरवायची झाली तर मात्र टोकाला नऊ मीटर चुकतं.

स्कॅन केलेला गाव नकाशा जमिनीवर बसवायचं साधन चांगलं आहे. तीन गावांच्या हद्दी जिथे मिळतात ते दगड सापडले तर त्यासारखी खूण नाही. पण तिथेही एक सांगावंसं वाटतं. थिन प्लेट स्प्लाइन नावाचा पर्याय निवडला की प्रत्येक खूण बरोबर जुळते आणि चूक शून्य दिसते. नकाशा ताणून, मुरडून जुळवलेला असतो. एखादा दगड मुळातच चुकीचा ओळखला असेल तर ते आता कधीच कळणार नाही. मी साधा पहिल्या घाताचा पर्याय घेते. चूक चार मीटर दिसते, पण ती कुठल्या खुणेवर जास्त आहे ते कळतं आणि पुन्हा जाऊन दगड बघता येतो.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. ड्रोनचं मोठं चित्र उघडलं की आठ जीबीचा लॅपटॉप घुसमटतो. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्राही तीन-तीन बाइट खाते, म्हणजे शेतकऱ्याचं नाव असा रकाना करायला गेलं की "शेत"वरच तुटतो. जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत हे बंधन नाही, सगळं एकाच फाइलीत राहतं आणि प्रणालीही आतच लिहिलेली असते. मी गेली काही वर्षं शेपफाइल फक्त मागणाऱ्याला देते, स्वतः ठेवत नाही. शेतात न्यायला क्यूफील्ड हे ॲप आहे. नेट नसलं तरी मोबाईलवर चालतं. पण मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. विहीर, झाड, बंधारा नोंदवायला ठीक. धुऱ्याच्या भांडणात तो मोबाईल खिशातून काढू नये.

आमच्याकडे शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. आता त्या विहिरीचं सांगते.

एका गावात विहिरींची यादी गटवार करायची होती. आत आहे हा संबंध लावून प्रत्येक विहिरीला तिचा गट जोडला. ६३ विहिरींपैकी एक कुठल्याच गटात आली नाही. ती दोन वावरांच्या धुऱ्यावर होती, आणि मी फार काळजीने दोन्ही गटांच्या कडेवर त्या जागी एक शिरोबिंदू घालून विहीर त्यालाच चिकटवली होती. कडेवरचा बिंदू आत मानला जात नाही, तो टेकलेला मानला जातो. नियम बरोबर आहे. गावात यादी वाचून दाखवली तेव्हा एक म्हातारे काकाजी उठून म्हणाले, "ताई, इहीर दोघायची हाये, अन् तुमच्या नकाशात कोनाचीच नाही?"

मी छेदतो हा संबंध लावला. विहीर दोन्ही गटांत आली, पण मग एकूण विहिरी ६४ झाल्या. आत म्हटलं तर एक कमी, छेदतो म्हटलं तर एक जास्त. शेवटी सातबारा काढला. इतर अधिकारात लिहिलेलं होतं, सामाईक विहीर, हिस्सा निम्मा. हे निम्मं कुठल्याही आकृतीतून निघत नाही. मग विहीर, गट आणि हिस्सा असे तीन रकान्यांचा वेगळा तक्ता केला आणि प्रकल्पाच्या रिलेशन्स भागात तो विहिरींशी जोडला. आता त्या विहिरीवर क्लिक केलं की फॉर्ममध्ये दोन्ही गट आणि दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा दिसतो, आणि यादीत विहिरी ६३च राहतात. नकाशावर तिचं चिन्हही हिश्श्यांप्रमाणे दोन रंगांत येतं, त्याची सोय आत आहेच.

पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन गेले. काकाजींनी ती वीतभर अंतरावर धरली, दोन रंगांच्या विहिरीवर बोट ठेवलं, मान हलवली. मग तेच बोट धुऱ्यावरून थोडं वर सरकवलं आणि म्हणाले, "अन् तो आंबा कुठी हाये?"

आंबाही धुऱ्यावरचाच आहे. त्याचा हिस्सा सातबाऱ्यावर नाही. या आठवड्यात दोन्ही घरी जाऊन विचारून येते.